डोक्याला कावळा लागला तेव्हा

२८ एप्रिल, सोमवार, सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटे. दूध आणायला मी घराबाहेर पडले, दारातल्या कडुलिंबाखालून थोडी पुढे गेले, आणि ओल्या टॉवेलाचा फटका बसावा तसे काहीतरी मागून येऊन डोक्यावर आदळले. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्या क्षणी मी हातातल्या फोनकडेच पाहत होते. फारसे दुखले नाही. केसांत बोटे घातली तेव्हा रक्ताचा एक ठिपका हाताला लागला, एवढेच. मारणारा कावळा तोवर समोरच्या विजेच्या तारेवर जाऊन बसला होता आणि मान तिरकी करून माझ्यावर ओरडत होता.

गोष्ट तिथेच संपली असती. मी केस सारखे करून, दूध घेऊन परत आले असते आणि कोणाला काही कळले नसते. पण समोरची काकी त्याच वेळी अंगणात सडा टाकत होती. तिने बादली खाली ठेवली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या आईला हाक मारली, "अगं ए, भाईर ये! पोरीच्या डोसक्याला कावळा लागला की गं!"

त्या दिवशी मला एका फोनची वाट पाहायची होती. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन वर्ष होत आले होते. ते वर्ष मी बेळगावजवळ मच्छ्याला आई-आप्पांच्या घरी काढले होते. अर्ज करत, मुलाखती देत, आणि 'आता पुढं काय?' या प्रश्नाला दर आठवड्याला वेगळे उत्तर देत. शेवटी बेंगळूरच्या एका संशोधन संस्थेत, पक्ष्यांच्या वर्तनावरच्या प्रकल्पात, साहाय्यक म्हणून माझी निवड झाली. कधी हजर व्हायचे ते सोमवारी अकरानंतर फोनवरून सांगणार होते. उमेदवाराशी संपर्क झाला नाही तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या नावाकडे जाईल, हेही त्यांनी आधीच कळवले होते. मला ती जागा हवी होती. तिच्याविषयी याहून नम्र वाक्य मला लिहिता येत नाही.

आमच्या घराला दार एकच आहे. पूर्वी परसदार होते. चुलत्यांशी वाटणी झाली तेव्हा त्या बाजूला भिंत उभी राहिली. उरलेले दार बोळात उघडते आणि बोळ कडुलिंबाखालून जातो. एप्रिलच्या सुरुवातीला त्या झाडाच्या मधल्या फांदीवर कावळ्यांच्या जोडीने काड्या आणि कारखान्यांच्या आवारातून उचललेले तारांचे तुकडे रचून घरटे केले. माडीच्या खिडकीतून मला त्यात चार अंडी दिसत. फिकट निळसर हिरवी, वर तपकिरी शिंतोडे. त्यातले एक जरा लहान होते. ते कोकिळेचे असावे, असा माझा कयास होता. अंडी आल्यापासून आमच्या घरातून बाहेर पडणे म्हणजे पहारा चुकवणे झाले.

मी मोजायला लागले. घरी बसलेल्या माणसाला मोजण्याचा फार आधार असतो. दारापासून बोळाच्या तोंडापर्यंतची एक फेरी, त्या फेरीत कावळ्याने टाकलेल्या झेपा, आणि प्रत्यक्ष स्पर्श झाला का, एवढ्याच तीन गोष्टी मी टिपत असे. आईवर झेपा जवळपास नव्हत्याच. ती रोज कुंपणाच्या भिंतीवर उरलेली भाकरी कुस्करून ठेवते. आप्पा हेल्मेट घालून गाडी काढत, त्यांच्यावर बऱ्याच. माझ्यावर सुरुवातीला कमी होत्या आणि मी खिडकीतून घरटे पाहू लागल्यापासून दिवसागणिक वाढत गेल्या. कावळे माणसांचे चेहरे ओळखतात. रोज अंड्यांत डोकावणारा चेहरा विसरण्याचे त्यांना काही कारण नव्हते.

कावळा पाठीमागून येतो, कारण धोका समोर असतो. डोळे समोर असतात, हात समोर उठतात. म्हणून मी दोन दिवस झाडाकडे तोंड करून उलटी चालत बाहेर पडले. झेपा लगेच कमी झाल्या. तिसऱ्या दिवशी काकीने आईला विचारले, "पोरगी उलटी का चालालीय गं? शिकून असं हुतंय व्हय?" आईने मला सरळ चालायची ताकीद दिली.

अंड्यांसाठी पक्षी माणसावर का झेपावतो, याला लोक आईची माया म्हणतात. माया असेलही, ती मोजता येत नाही म्हणून मी तिच्याविषयी बोलत नाही. हिशेब मांडता येतो. मूठभर वजनाच्या पक्ष्याने माणसाशी लढून जिंकणे अशक्य आहे, आणि तसा त्याचा इरादाही नसतो. त्याला फक्त तुम्ही तिथून हलायला हवे असता. म्हणून बहुतेक झेपा केसांना वारा लावून निघून जातात. अंडी नवी असतात तेव्हा ती गेली तरी दुसरी घालायला हंगाम शिल्लक असतो. ती फुटायला आली की तेवढी सवड उरत नाही, आणि झेपा अधिक जवळून येऊ लागतात. माणूस निरुपद्रवी असताना कावळा झेपावला, तर वाया जाते ती एक झेप. माणूस अंडी काढणारा निघाला आणि कावळा गप्प बसला, तर वाया जाते ते सगळेच. दोन चुकांच्या किमतींत इतका फरक असेल, तर शहाणा पक्षी स्वस्तातली चूक पुन्हा पुन्हा करत राहतो.

हे सगळे मला त्या सकाळी येत होते. आईने मला दंडाला धरून आत ओढले, तेव्हा त्यातले काहीही कामाला आले नाही.

आमच्या भागात कावळ्याने डोक्याला टोच मारणे म्हणजे मरणाचे बोलावणे. त्यावरचा उपायही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची, आणि त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी परगावच्या रक्ताच्या नातेवाइकाला कळवायची. तो खरे समजून रडला की मरणाचे देणे फिटले. मग लगेच त्याला खरी हकीकत सांगायची. तोपर्यंत त्या 'मेलेल्या' माणसाने उंबरा ओलांडायचा नाही आणि बाहेरच्या कोणाशी अक्षर बोलायचे नाही. लहानपणी मी हे गमतीची गोष्ट म्हणून ऐकले होते. पूर्वी यासाठी पत्र जायचे, तार जायची. "आता काय, फोन हाय. चा उकळुस्तवर उरकतंय," असे काकी म्हणाली आणि मदतीला आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

बातमी कोणाला द्यायची, यावर चर्चा झालीच नाही. निपाणीचे मामा. आईचा धाकटा भाऊ. तिथल्या एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी, दोघांचे राहणेही वखारीच्याच आवारात. त्यांना मूलबाळ नाही, आणि माझ्या बारशापासून पदवीपर्यंत एकही प्रसंग त्यांनी चुकवला नव्हता. मामांइतके माझ्यासाठी कोणी रडणार नाही, याबद्दल दोघींचे एकमत होते.

ओल्या कपड्यांतून कोरड्या कपड्यांत आल्यावर मी आईला शांतपणे सांगून पाहिले.

"आई, अकराला माझा फोन यायचाय. बेंगळूरहून."

"अकराच्या आदी समदं उरकतंय. आण हिकडं त्यो फोन."

"माझ्याजवळ राहू दे. मी मामांचा उचलणार नाही."

"मेलेलं माणूस फोन घिऊन बसतंय व्हय?" काकीने विचारले. प्रश्न तर्काला धरून होता.

आईने माझा फोन स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावले आणि मला धान्याच्या खोलीत बसायला सांगितले. मी हसतच आत गेले. तांदळाच्या पोत्यांवर टेकते न टेकते तोच बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला, आणि हसू तिथेच संपले. त्या खोलीला खिडकी नाही. भिंतीत वर एक सिमेंटची जाळी आहे. पोत्यावर उभे राहिले की तिच्यातून बोळ आणि घरट्यापर्यंतचा कडुलिंब दिसतो.

मामांचा फोन लागायलाच दहा वाजत आले. आई नाटक करेल, अशी माझी कल्पना होती. मी दाराला कान लावून उभी होते. "पोरगी गेली रं बाबा," एवढेच ती बोलली, आणि तिचा आवाज असा फाटला की क्षणभर मीच माझी खात्री करून घेतली. पलीकडून मामींची किंकाळी बाहेरपर्यंत आली. मग फोन बंद झाला.

"रडला का त्यो?" काकीने विचारले.

"ती वरडली. ह्याचं काय ऐकू आलं न्हाय."

"तिचं चालत न्हाय. रक्ताचं पायजे."

आईने पुन्हा फोन लावला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मामींचा लावला, तो बंद. अर्ध्या तासाने वखारीतल्या कोणीतरी मामांचा फोन उचलला आणि सांगितले की दिवाणजी फोन गादीवरच टाकून, बायकोला घेऊन, वखारीच्या टेम्पोतून बेळगावकडे गेले.

रिवाजात या शक्यतेची सोय नव्हती. बातमी पोहोचली होती. रडणे झाले की नाही याची खात्री नव्हती. आणि ज्याला खरे सांगायचे तो हायवेवर होता. मी ना मेलेली होते, ना जिवंत. आईच्या दृष्टीने मी मधेच अडकले होते आणि अशा अवस्थेत मला बाहेर काढणे सगळ्यांत धोक्याचे होते.

"कडी काढ, आई."

"त्यो येऊ दे."

"त्याला दोन तास लागतील. फोन तेवढा आत दे."

"न्हाय."

एप्रिलअखेरची उष्णता त्या खोलीत पोत्यांसारखी थराथराने रचलेली असते. मी जाळीशी उभी राहिले. बोळातून एक भाजीवाला गेला: तीन झेपा. शाळेला सुट्टी असलेली दोन मुले चिंचोक्यांनी खेळत गेली: शून्य, कारण ती धावत गेली. कावळीचे शेपूट मला घरट्याबाहेर आलेले दिसत होते. ती बसून होती, मीही बसून होते. फरक एवढाच की तिच्या खाली काय आहे ते तिला ठाऊक होते. गेले वर्षभर मी या घराला तात्पुरते म्हणत आले होते. त्या खोलीत, तांदळाच्या कोंड्याच्या वासात, मला पहिल्यांदा वाटले की तात्पुरते या शब्दाला मुदत नसते.

अकरा वाजून गेल्यावर डबा थरथरू लागला. स्टीलच्या डब्यातला फोन कसा वाजतो ते ज्याने ऐकले नाही त्याला सांगणे कठीण आहे. जणू त्यात कोणी जिवंत भुंगा कोंडला आहे.

"आई, तो माझा फोन! उचल. नाहीतर मला दे. पाया पडते."

"फोन काय, परत येतोय बाई." आईचा आवाज दाराला अगदी लागून आला, ती पलीकडे खाली बसली असावी. "माणूस येत न्हाय."

डबा थांबला. थोड्या वेळाने पुन्हा थरथरला, पुन्हा थांबला. मी दारावर दोन्ही हात आपटले. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यात 'अडाणी' हा त्यातल्या त्यात सौम्य शब्द होता.

आईने ते ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुझी थोरली मावशी. तुला ठावं न्हाय ती."

मला मावशी होती, हेच मला ठाऊक नव्हते.

"एकुणीस वर्सांची हुती. आमी खानापूरच्या रानात सरपणाला गेलतो. तिच्या डोसक्याला कावळा लागला, माझ्या म्होरं. आमचा बा हासला. म्हनला, कावळ्याला काय कळतंय. कुणाला कळीवलं न्हाय. दिवाळीच्या आत कावीळ झाली अन् गेली."

"आई, कावीळ पाण्यातनं होते."

"पाणी समद्यांनी प्यालतं."

याला उत्तर आहे. एकच पाणी प्यालेल्यांपैकी एकच जण का दगावतो, यावर मी अर्धा तास बोलू शकते. एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही, हेही सांगू शकते. मी बोलले नाही. कारण बंद दाराच्या त्या बाजूला मला माझाच हिशेब ऐकू आला होता: खोटी बातमी दिली आणि कावळा निरुपद्रवी निघाला, तर वाया जाते ते चार माणसांचे रडणे. बातमी दिली नाही आणि कावळा खरा निघाला, तर जाते ती मुलगी. माझ्या आईने शाळा चौथीत सोडली, पण दोन चुकांच्या किमती तिने बरोबर लावल्या होत्या. त्या मांडणीत एकच दोष मला दिसत होता. कावळा आपल्या चुकीची किंमत स्वतः उडून चुकवतो. आईच्या चुकीची किंमत त्या डब्यात थरथरत होती, आणि ती माझी होती.

मामांचा टेम्पो दुपारी बोळाच्या तोंडाशी थांबला. मी जाळीतून पाहिले. मामा उतरले ते उघड्या डोक्याने, हातात झेंडूचा मोठा हार, आणि चालत नव्हते, ओढले जात होते. मामी मागून त्यांचा शर्ट धरून येत होत्या. कडुलिंबाखाली आल्यावर मामांनी दाराकडे पाहिले, दारात गर्दी नाही, रडणे नाही, हे पाहून ते थबकले. त्यांची पाठ झाडाकडे होती. मला पुढचे दिसले आणि मी ओरडले, "मामा, वाका!"

मेलेल्या भाचीचा आवाज भिंतीतून आल्यावर कोणी वाकत नाही. कावळा त्यांच्या डोक्यावर पूर्ण वजनाने आपटून गेला.

कडी निघाली. मामा आत आले, मला पाहिले आणि हारासकट खाली बसले. मग आईकडे वळून म्हणाले, "आक्का, निपाणीपास्नं रडत आलोय की गं मी."

"यमकनमर्डीला गाडी थांबवून वकले हे," मामी म्हणाल्या. "मला वाटलं, दोघांची तिरडी न्यायला लागतीय."

"रडलास न्हवं? मग झालं," आई म्हणाली. तिचे दोन्ही डोळे वाहत होते आणि चेहरा सुटलेला होता. "माझी पोरगी वाचली."

मी यातले काही ऐकत नव्हते. मी डबा उघडला होता. दोन चुकलेले फोन. परत लावला, पलीकडे एक गृहस्थ होते, त्यांच्याशी कानडीत बोलले. दोनदा प्रयत्न केला, म्हणाले. पुढच्या उमेदवाराला अजून कळवलेले नाही, पण प्रकल्पप्रमुख परवा दौऱ्यावर निघत आहेत. उद्या सकाळी दहाला मूळ कागदपत्रांसह समोर उभे राहू शकत असाल तर जागा तुमची. नाहीतर त्यांची. मी 'हौदु', म्हणजे हो, म्हटले आणि फोन ठेवला. संध्याकाळची बेंगळूरची बस पकडायची होती.

तेवढ्यात काकी म्हणाली, "अन् ह्यास्नी बी लागला की कावळा. मी बगिटला."

मामांनी डोक्यावरून हात फिरवला आणि बोटे पाहिली. आई उठली आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. "आता ह्याची बातमी दिल्याबिगार हितनं कोन हालायचं न्हाय."

"कुणाला द्यायची?" मामांनी विचारले. त्यांचा आवाज रडून बसला होता. "मी मेल्यावर रडणारी समदी ह्याच खोलीत हायती."

हे खरे होते. त्यांचे आई-वडील गेलेले, मूल नाही, बहीण उंबऱ्यात, बायको चुलीशी, भाची समोर.

"दाजी हायत की," मामी आप्पांविषयी म्हणाल्या.

"दाजी? ते पेढं वाटत्यात."

पहिली पाळी संपवून आप्पा आले ते याच वेळी. कावळ्याच्या झेपा हेल्मेटवर घेऊन आत आले आणि हार पाहून दारातच थांबले. "कोण गेलं?"

"कोन न्हाय. बसा," मामा म्हणाले. "मी जाणार हाय, जरा येळानं."

आप्पांना सगळे समजावून सांगेपर्यंत घड्याळ पुढे सरकत होते. रिवाज सगळ्यांना एकसारखा माहीत होता आणि त्याच्या चौकटीत वाट कोणालाच दिसत नव्हती. आईला समजावण्याचा प्रयत्न मी सकाळीच करून पाहिला होता. या वेळी मी तिच्या बाजूने विचार केला. रक्ताचे माणूस हवे. ते परगावी हवे. आणि आज परगावी जाणारे माणूस या घरात एकच होते.

"आई, मी रडते मामांसाठी," मी म्हणाले. "बस बेळगावबाहेर गेली की मला फोन कर."

"तुला ठावं हाय की खोटं हाय ते."

"मामांना रिवाज ठाऊक नव्हता? लहानपणापासून ठाऊक आहे. तरी निपाणीपासून रडत आले."

आईने मामांकडे पाहिले. मामांनी मान खाली घातली. काकीने तोंडात पान ठेवता ठेवता मान डोलावली; तिला मुद्दा पटला होता.

"त्येवढं लांब कशाला जायाला पायजे?" आई म्हणाली. "बेळगावच्या कॅम्पात गेलीस तरी परगावच की."

"कॅम्पातून रडलं तर संध्याकाळी घरी यावं लागेल. मग उद्या मामांना पुन्हा लागला, तर?"

हा माझा युक्तिवाद कच्चा होता आणि आईला तो कच्चा असल्याचे कळले, असे मला अजून वाटते. ती माझ्याकडे बघत राहिली. मग उंबऱ्यातून बाजूला झाली आणि म्हणाली, "दशम्या करते. तवर पिशवी भर."

मी सुटले नव्हते. मला एका कामावर पाठवण्यात येत होते. तिच्या दोरीची लांबी तेवढी वाढली होती. आप्पांच्या गाडीवर मागे बसताना मी त्यांचे हेल्मेट घातले होते आणि त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. काचेच्या आत मला काहीच ऐकू येत नव्हते, मागचे काही दिसत नव्हते. ती एक फेरी माझ्या मोजणीतून सुटली.

दुसऱ्या दिवसाचे आधीच सांगून टाकते. दहाला मी कागदपत्रांसह समोर उभी होते, जागा मिळाली, सहा महिन्यांसाठी. पुढची मुदतवाढ कामावर अवलंबून. ती अवलंबूनच आहे.

आईचा फोन आला तेव्हा बस हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर उभी होती. मी तयारीत होते. आवाज कुठल्या पट्टीत काढायचा, किती वेळ, हे मी मनाशी ठरवलेही होते. "बाई," आई म्हणाली, "तुझा मामा गेला गं," आणि पुन्हा सकाळचाच तो फाटलेला आवाज. मला यमकनमर्डीजवळ रस्त्याकडेला वाकलेले मामा दिसले, हातात माझ्यासाठी घेतलेला हार. ठरवलेला आवाज निघालाच नाही. जो निघाला तो इतका मोठा होता की कंडक्टर वळून पाहू लागला आणि शेजारच्या सीटवरच्या बाईंनी न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवला. काय झाले, असे त्यांनी कानडीत विचारले.

"पुरे, पुरे," आई घाईने म्हणाली. "खोटं हाय गं. बसलाय हितं, चा पितोय. झालं. आता जा."

मी डोळे पुसले. श्वास ताळ्यावर आल्यावर मी तिला विचारले, "आई, आम्ही निघालो तेव्हा तू दारात होतीस. किती झेपा टाकल्या त्यानं?"

तिने हे मोजले असेल असे मानायला काही आधार नव्हता. इतके दिवस तिने माझ्या मोजण्याला 'रिकामा उद्योग' म्हटले होते.

"नऊ," आई म्हणाली.

"धा गं, धा!" मागून मामांचा घोगरा आवाज आला. "एक टॉवेलावर हुती!"

"त्याचं काय ऐकू नगो. त्यो मेलेला हाय," आई म्हणाली. "नऊ."

मी तिकिटाच्या मागे तारीख घातली आणि लिहिले: ९.